चांगल्या लौकिकाचा माणूस

भालेराव सर गेल्याचं मला त्यांच्या लॉजच्या सेक्रेटरींकडून कळलं. त्यांनी फोनवर आधी माझी चौकशी केली, मग पावसाची, आणि मग म्हणाले, "आपले भालेराव गेले. पुण्याला, मुलीकडे. झोपेतच." त्यांनी सभ्यपणे थोडा वेळ जाऊ दिला आणि कामाचं काढलं. लॉजची स्मरणिका निघतेय, तीत सरांवर एक पान हवंय. "तुम्ही शेजारचे, शिवाय लिहिता. 'चांगला सभासद कसा असावा' असं काहीतरी शीर्षक ठेवा. नव्या लोकांना मार्गदर्शन होईल. आणि हे बघा, जरा गोड लिहा."

"गोडच का?"

"अहो, माणूसच गोड होता."

मी हो म्हणालो. हे तेच पान. ते एका पानात मावलेलं नाही, गोडही झालेलं नाही, आणि स्मरणिकेत ते येणार नाही हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं.

सोलापूरच्या बुधवार पेठेत आमचं आणि सरांचं घर एका भिंतीचं. भिंत अशी की काकूंनी तिकडे मिरचीची फोडणी दिली की इकडे आम्ही शिंकायचो. माझे वडील पुस्तिका विकायचे. जयंतीला, परिषदेला, मोर्च्याच्या कडेला चटई टाकून बसायचे. आमच्या घरात गाद्यांपेक्षा गठ्ठे जास्त होते आणि मला अक्षरओळख झाली ती त्या मुखपृष्ठांवर. जागे व्हा. प्रश्न विचारा. नाकारा. भिंतीच्या पलीकडे मात्र महिन्यातून एकदा, संध्याकाळी, एक माणूस पँटीला इस्त्री करता करता इंग्रजीत सवालजवाब म्हणायचा. सवालही त्याचेच, जवाबही त्याचेच. विचारताना आवाज जाड काढायचा, उत्तर देताना स्वतःचा. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पुन्हा पहिल्यापासून. अर्थ कळायच्या आधी मला ते सगळं पाठ झालं होतं.

"सर नाटकात आहेत का?" मी वडलांना विचारलं होतं.

"नाटकच ते," वडील म्हणाले. "साहेब निघून गेले, कपडेपट राहिला."

सर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची मुलं शिकवायचे. उंच, काळेसावळे, आणि इतके ताठ की बसलेले असले तरी उभे वाटायचे. त्यांचे दोन मंत्र होते. पहिला, "आधी अर्थिंग, मग बाकीचं." हा ते कुठंही लावायचे. मुलीला स्थळ आलं तेव्हा पाहुणे उठून गेल्यावर काकूंना म्हणाले, "वायरिंग झकपक आहे. अर्थिंग दिसलं नाही." स्थळ मोडलं. दुसरा मंत्र वर्कशॉपच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवला होता: "बंद आहे म्हणणारा मरतो. बंद आहे का बघणारा जगतो." मेन स्विच त्यांनी स्वतः पाडलेला असला तरी मुलाला टेस्टर लावून बघायला लावायचे. एखादा हसला तर त्याला दिवसभर टेस्टर कानावर ठेवून हिंडावं लागे, सुतार पेन्सिल ठेवतो तसा.

आणि हा माणूस फ्रीमेसन होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही जगभर पसरलेली, जुनी, पुरुषांचीच एक बंधुसंस्था आहे. पोटाला एप्रन बांधायचा, हातात पांढरे मोजे, एकमेकांना ब्रदर म्हणायचं, आत धर्म आणि राजकारण काढायचं नाही, आणि आतलं बाहेर सांगायचं नाही. त्यांच्या जमण्याच्या जागेला लॉज म्हणतात. सरांचं लॉज स्टेशनकडच्या एका जुन्या बंगल्यात भरायचं. रिक्षावाले त्याला भूतबंगला म्हणतात. तिथं मुंडकं कापून परत बसवतात अशी गावाची पक्की माहिती आहे. मे महिन्यात, सोलापूरचा डांबरी रस्ता चपलेला चिकटतो त्या दिवसांत, सर काळा सूट घालून, एप्रनची पेटी स्कूटरला अडकवून निघायचे.

"भाजून निघाल की वो," काकू दारातून म्हणायच्या. आणि मग आमच्या आईला ऐकू जाईल असं, "भाजीवाली विचारती, सर दर महिन्याला लॉजवर जात्यात व्हय? काय सांगावं बाईमाणसानं?"

सर स्कूटरला किक मारता मारता म्हणायचे, "सांग, खोली घेत नाही. दाराशी उभा असतो."

ते खरंच होतं. सर लॉजचे टायलर होते. टायलर म्हणजे बैठक चालू असताना बंद दाराच्या बाहेर नागवी तलवार घेऊन उभा राहणारा माणूस. नवा सभासद येणार असेल तर त्याला तयार करून दाराशी आणायचं, आणि बाहेरच्या माणसाला दारापासून लांब ठेवायचं, एवढं त्याचं काम. मला हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि जगातली प्रत्येक गोष्ट कुणी कुणाला कुठं उभं केलंय यावरून मोजत होतो. अजूनही मोजतो.

"सर, तुम्हाला त्यांनी बाहेर उभं केलंय."

"केलेलं नाही. मी उभा आहे."

"फरक काय?"

"पाठीच्या कण्याचा," सर म्हणाले, आणि बडीशेपेची डबी माझ्यापुढे धरली.

पण फरक होता तो काकूंना ठाऊक होता. लॉजमध्ये एक शिडी असते. दर वर्षी माणूस एकेक हुद्दा वर चढतो आणि शेवटी मास्टरच्या खुर्चीत बसतो. सर शिडी चढत शेवटच्या पायरीपर्यंत गेले होते. पुढच्या वर्षी खुर्ची. काकूंनी इरकल साडी आणून ठेवली होती, कारण त्या एका दिवशी बायकांना जेवायला बोलावतात. मग लॉजमधले तिघेजण घरी आले. चहा प्यायले, चिवड्याला नावाजलं आणि म्हणाले, दोघाचौघांचं मन जरा साफ नाही, कारण विचारू नका, पण लॉजची हार्मनी महत्त्वाची. हार्मनी म्हणजे एकोपा. हा त्यांचा मोठा शब्द. एकोपा बिघडवणारा तो वाईट सभासद. सरांनी तिथल्या तिथं, चहाचा कप खाली ठेवायच्या आधी, खुर्चीवरचा हक्क सोडला. त्या बदल्यात त्यांना दार मिळालं. जाणत्या माणसाकडेच दार द्यायची रीत आहे, असंही ते तिघे सांगून गेले.

"साडी तशीच हाय पेटीत," काकू म्हणाल्या. "हार्मनीची."

सर असे का वागले हे मला फार दिवस कळत नव्हतं. एकदा वैरागकडून परत येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. सरांचं मूळ गाव वैरागच्या पलीकडे. रस्त्यात एका हॉटेलवर गाडी थांबली, चहा आला, आणि सर कपाकडे बघत म्हणाले, "ह्याच हॉटेलाच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता. माझ्या वडलांचा कप तिथं असायचा. पालथा. ते स्वतः काढायचे, स्वतः धुवायचे, स्वतः पालथा घालायचे. आणि चहाचे पैसे मात्र सगळ्यांइतकेच." गाडी सुटल्यावर म्हणाले, "लॉजमध्ये मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी जेवणाला माझ्या डाव्या हाताला एक न्यायाधीश बसला होता. जातीनं कोण ते तुला आडनावावरूनच कळेल, म्हणून सांगत नाही. त्यानं स्वतःच्या हातानं मला भाजी वाढली. ब्रदर भालेराव, अजून थोडी घ्या, म्हणाला. मी भाजी घेतच राहिलो. पोट भरलं होतं तरी घेत राहिलो."

मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो. भाजीच्या एका वाढीच्या बदल्यात माणूस जन्मभर विकत घेता येतो, हे माझ्या वडलांच्या कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

सर मात्र स्वतःला विकलेला माणूस मानत नव्हते. त्यांच्या दृष्टीनं गावातलं सगळ्यांत क्रांतिकारक काम तेच करत होते, आणि ते होतं लोकांचे बूट काढण्याचं. नव्या सभासदाला पहिल्या दिवशी आत न्यायच्या आधी टायलर त्याला गरीब करतो. अंगावरचं सोनंनाणं, घड्याळ, पैसे, किल्ल्या, धातूचं जे काही असेल ते काढून घेतो. एक गुडघा उघडा, एका पायात बूट आणि दुसऱ्यात फाटकी सपात, डोळ्यांना पट्टी. असा माणूस आत जातो. हे सगळं आता इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. मी वाचून सरांना विचारलं तर म्हणाले, "वाचलंस ना? मग मला कशाला विचारतोस?" पण एक गोष्ट त्यांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. एक बिल्डर आला होता. चारही बोटांत अंगठ्या, त्यांतली एक कितीतरी वर्षं बोटातच रुतलेली. निघेना. आत सगळे खोळंबलेले. बिल्डर म्हणाला, एवढी राहू द्या, गुरूंनी दिलीय. सरांनी साबण मागवला, बोटाला दोरा गुंडाळला आणि एक फेरा, एक फेरा करत ती अंगठी सोडवली. बिल्डर अक्षरशः रडला.

"कशाला रडला?"

"दुखलं असेल," सर म्हणाले. मग डोळे मिचकावत, "किंवा बोट पहिल्यांदाच बघितलं असेल स्वतःचं."

"सर, पण शेवटी तुम्ही त्याच्या पायाशी बसून त्याचा बूटच काढला ना?"

"तो त्या वेळी गरीब असतो. गरिबाचा बूट काढायला लाज कसली?"

मला लाज वाटायची. आमच्या पाठीमागच्या किती पिढ्यांनी कुणाकुणाच्या पायांतली काय काय पायताणं सांभाळली हे मोजायला बसलो तर ती पट्टी, ती सपात आणि ती सगळी उदात्त भाषा मला सहन व्हायची नाही. पण सरांना ते वेगळं दिसत होतं हे खरं आहे, आणि ते इथं लिहिलं पाहिजे.

जेवणाच्या शेवटी टायलरच्या मानाचा एक टोस्ट असतो. सर कधी पीत नव्हते. लिंबू सरबताचा ग्लास उचलून ते जगातल्या सगळ्या गरीब आणि संकटात सापडलेल्या ब्रदर लोकांसाठी शुभेच्छा मागायचे. भिंतीपलीकडून हेही पाठ झालेलं. फक्त ब्रदर या शब्दाकडे माझं लक्ष लक्ष्मण मेल्यावर गेलं. लक्ष्मण ब्रदर नव्हता.

लक्ष्मण सरांचा विद्यार्थी. सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिलाच शिकलेला. दिवसभर टेस्टर कानावर ठेवून हिंडायची शिक्षा सगळ्यांत जास्त वेळा त्यालाच झाली होती आणि पुढे तोच सरांचा सगळ्यांत आवडता झाला. चिंचोळी एमआयडीसीत अजितशेठ म्हणून एका मालकाचा कापड रंगवायचा कारखाना आहे. लक्ष्मण तिथं वायरमन होता. एका रविवारी तो सरांकडे आला. मीही तिथंच होतो.

"सर, ब्रेकर सारखा ट्रिप होतोय. ओलावा लई हाय तितं. मालक म्हनतेत मशीन थांबतंय, बायपास कर. मी न्हाय म्हनलो. तर सुपरवायझरनं दुसऱ्याकडनं करून घेतलं."

ब्रेकर ट्रिप होतो म्हणजे कुठंतरी वीज गळतेय आणि तो माणूस मरू नये म्हणून ती तोडतोय. बायपास म्हणजे त्याला तारेचा तुकडा जोडून मुका करायचा. सरांचा चेहरा असा उतरलेला मी आधी पाहिला नव्हता.

"ते काढेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. कुणी सांगितलं तरी नाही."

"व्हय सर."

पुढच्याच आठवड्यात लक्ष्मणनं मशीनला हात लावला. सुपरवायझरनं त्याला सांगितलं होतं, बंद आहे. त्याच्या कानावर टेस्टर होता, असं त्याला उचलणारे सांगतात. काढून लावायला वेळ दिला गेला नाही, की त्यानंच घाई केली, ते कुणाला कळणार? कारखान्यातून बातमी आली ती अशी की कामगाराच्या हलगर्जीपणामुळे अपघात. सर लक्ष्मणच्या बायकोला, सुनीताला, घेऊन सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी तपासणी केली तेव्हा पॅनेल नवं कोरं होतं आणि त्यातला ब्रेकर बोटानं टिचकी मारली तरी पडत होता. प्रकरण मिटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी काकूंनी लॉजमधल्या एका डॉक्टरांचा फोन घेतला. सर अंघोळीला गेले होते. डॉक्टर म्हणाले, "अजितशेठचं नाव टाकलंय आम्ही, नवे सभासद म्हणून. सरांना म्हणावं, लक्ष असू द्या." काकूंनी फोन ठेवला आणि तशाच ओल्या हातानं आमच्याकडे आल्या.

इथं त्यांची मतदानाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नवा सभासद घ्यायचा की नाही हे गोळ्यांनी ठरतं. प्रत्येकजण पेटीत हात घालून एक गोळी सोडतो. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. कुणी कोणती सोडली ते कुणाला दिसत नाही, आणि कधी विचारायचंही नाही. त्यांच्या लॉजात एक काळी गोळी पुरे असते. एक काळी निघाली की माणूस बाहेर, मग तो कुणीही असो. टायलर दाराबाहेर असला तरी मतापुरता त्याला आत बोलावतात. तेवढा वेळ दुसरा कुणी तलवार धरतो.

म्हणजे अख्ख्या सोलापुरात एकच जागा अशी होती, जिथं भालेराव सरांचा हात अजितशेठला अडवू शकत होता. पोलीस अडवू शकले नव्हते, कचेरी अडवू शकली नव्हती. त्या बंगल्यात मात्र अडवायला एक गोळी पुरणार होती. अजितशेठला लॉज कशासाठी हवं होतं हे सांगायला नको. न्यायाधीश, डॉक्टर, अधिकारी यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस पुन्हा धुतल्या तांदळासारखा होतो.

मी सुनीताला घेऊन सरांकडे गेलो. ती उंबऱ्याजवळच बसली. काकूंनी तिला आत ओढून खुर्चीत बसवलं.

"सर, हापिसात तुमी आला माज्याबरोबर. तितं कुनी ऐकलं न्हाय. पर त्या बंगल्यात तुमचं ऐकत्यात म्हनं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आतलं बाहेर बोलता येत नाही, सुनीता."

"मग भायेरचं आत बोलता येतंय का?"

काकू चहा गाळत होत्या, त्यांचा हात थांबला. सर म्हणाले, "बोलायचं नसतं तिथं. गोळी टाकायची असते."

"मग टाका की."

ती निघाली तेव्हा सर तिला रिक्षापर्यंत पोहोचवायला गेले आणि रिक्षा वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले. मला वाटलं, टाकतील. मी आईला सांगितलं, वडलांना सांगितलं. वडील म्हणाले, "बघू. त्या माणसात अजून आपला माणूस शिल्लक आहे का, ते कळेल."

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर अंगणात स्कूटर पुसत होते.

"काय झालं, सर?"

"क्लिअर." म्हणजे एकही काळी नाही.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मी आत गेलो नाही."

मतदानाच्या आधी सेक्रेटरी बाहेर आले होते. हेच सेक्रेटरी, ज्यांना आता गोड पान हवंय. ते म्हणाले, भालेराव, तो मुलगा तुमचा विद्यार्थी होता, आम्हाला कल्पना आहे. मनात काही असेल तर तुम्ही बाहेरच थांबलात तरी चालेल. आणि सर थांबले.

"त्यांचं बरोबर होतं," सर म्हणाले. "काळी गोळी रागानं टाकायची नसते. स्वतःचं वैर तिथं काढणं हे पाप आहे. मी स्वतःला तपासलं. माझ्या मनात राग होता."

"सर, टेस्टर लावला आणि दिवा पेटला. त्याला तुम्ही राग म्हणता?"

स्कूटर पुसणारा हात थांबला. मग सर म्हणाले, "तू बोलतोस चांगलं. पण मी शपथ घेतलीय."

मी त्या सकाळी जे बोललो नाही ते इथं लिहितो. आत बसलेल्या एकानंही आपल्या मनात अजितशेठबद्दल माया आहे का, सोयरीक आहे का, धंदा आहे का, हे तपासून हात मागे घेतला नाही. सगळ्यांनी निर्मळ मनानं पांढरी गोळी सोडली. मन तपासायचं काम त्या खोलीत एकाच माणसाकडे होतं आणि तो खोलीच्या बाहेर उभा होता. हे असंच चालत आलंय. ज्यांना सद्‌गुणांची गरज सगळ्यांत कमी, त्यांच्याकडूनच ते सगळ्यांत जास्त मागितले जातात, आणि ते देतात. चांगला सभासद कसा असावा? असा असावा. त्याच्या चांगुलपणाचा फायदा नेहमी दुसऱ्याला व्हावा.

पुढे अजितशेठच्या पुढाकारानं लॉजनं सुनीताला शिलाई मशीन दिलं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटी मला ते नको आहे. मशीन देतानाच्या फोटोत सगळे आहेत, सर नाहीत. मशीन चांगलं आहे. सुनीता त्यावर शाळेचे गणवेश शिवते.

आता शेवटची भेट. अजितशेठला लॉजमध्ये घ्यायची संध्याकाळ होती. मी एक पत्रक काढलं होतं, "मशीन थांबलं नाही, लक्ष्मण थांबला." सुनीता आणि मी बंगल्याच्या फाटकाशी उभे होतो, येणाऱ्याजाणाऱ्याला पत्रक देत. ऊन उतरलं होतं पण भिंती अजून तापलेल्या. सर सगळ्यांच्या आधी आले. स्कूटर लावली, आत जाऊन दिवे लावले आणि सूट, एप्रन, पांढरे मोजे अशा पूर्ण वेशात फाटकापर्यंत चालत आले. मला वाटलं, हाकलतील. त्यांचं कामच ते.

त्यांनी हात पुढे केला. मी पत्रक दिलं. हातमोजे काढून, चष्मा लावून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"दुसरा परिच्छेद चुकलाय," ते म्हणाले. "ब्रेकर काढला नव्हता. जागेवरच होता, तार टाकून बायपास केला होता. तू काढला म्हणशील, ते ब्रेकर दाखवतील, आणि खोटा तू ठरशील."

"मग तुम्हीच लिहून द्या सर. सहीनिशी."

त्यांनी पत्रकाची नीट चार पदरी घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "सुनीता, पाणी प्यालीस का?"

"व्हय."

"पोरगी?"

"आयकडं हाय."

ते परत गेले. गाड्या यायला लागल्या. अजितशेठ स्वतः काच खाली करून हसले, दोन पत्रकं मागून घेतली आणि म्हणाले, "वाचतो हं निवांत." सेक्रेटरींनी आमच्याकडे पाहिलंच नाही.

बंगल्याचा मोठा दरवाजा व्हरांड्यात उघडतो आणि व्हरांडा फाटकावरून सरळ दिसतो. ही तयारी एरवी होते त्या बाजूच्या लहान खोलीत पंखा बंद पडला होता म्हणे, उकाड्यानं शेठ हैराण झाले असावेत, म्हणून सरांनी त्यांना खुर्ची टाकून व्हरांड्यातच घेतलं. घड्याळ काढलं, साखळी काढली. मग सर एका गुडघ्यावर बसले.

"बूट काढत्यात व्हय सर त्याचा?" सुनीतानं विचारलं.

"तशी रीत आहे. त्याला गरीब करून आत नेतात."

ती बघत राहिली. "किती येळ?"

"काय किती वेळ?"

"गरीब ऱ्हातोय."

सरांनी शेठच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, दंडाला धरून दाराशी आणलं आणि तलवारीच्या मुठीनं दार ठोठावलं. दार थोडं किलकिलं झालं. आतून जाड आवाजात सवाल आला: कोण आहे? सरांनी त्यांच्या त्या वर्गातल्या स्वच्छ इंग्रजीत उत्तर दिलं. एक गरीब माणूस, अंधारात असलेला, योग्य शिफारशीनं आलेला. भिंतीपलीकडून जन्मभर ऐकलेलं ते सगळं होतं, प्रत्येक शब्द मला पुढचा माहीत होता. आतून दुसरा सवाल: कशाच्या बळावर तो आत येऊ इच्छितो? याचं उत्तर असं आहे की देवाच्या मदतीनं, कारण तो स्वतंत्र आहे आणि चांगल्या लौकिकाचा आहे.

सर म्हणाले, देवाच्या मदतीनं, कारण तो स्वतंत्र आहे.

आणि थांबले.

इस्त्री करताना एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी पहिल्यापासून सुरू करणारा माणूस. मी फाटकाचा गज धरला. सुनीताला इंग्रजी कळत नव्हतं, तरी तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण ते थांबणं कुणालाही कळलं असतं. डोळे बांधलेले अजितशेठ मान किंचित वाकडी करून वाट बघत होते.

आतून कुणीतरी हळूच शब्द पुरवला. त्यांच्याकडे तशी सोय असते. विसरणाऱ्याला आतला माणूस आठवण करून देतो. चांगल्या लौकिकाचा. सर गप्प. आतून पुन्हा, जरा मोठ्यानं, चांगल्या लौकिकाचा. तिसऱ्यांदा आवाज सेक्रेटरींचा होता आणि त्यात आठवण कमी होती.

"अँड ऑफ गुड रिपोर्ट," सर म्हणाले.

दार उघडलं. सरांनी अजितशेठचा कोपर धरला आणि शुद्ध मराठीत, जे कुठल्याही पाठांतरात नव्हतं, म्हणाले, "उंबरा आहे, शेठ. जपून."

शेठ आत गेले. दार लागलं. सर वळले, तलवार सरळ धरली आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले, तोंड फाटकाकडे, म्हणजे आमच्याकडे. त्यानंतर काही आठवड्यांतच ते आणि काकू पुण्याला मुलीकडे गेले. तोवर मी त्यांच्या दारात गेलो नाही, आणि नंतर त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

"येवढं थांबून काय म्हनले सर?" सुनीतानं विचारलं.

"हा माणूस चांगला आहे, असं म्हणाले."

तिनं हातातली उरलेली पत्रकं पदराखाली घेतली. वारा नव्हता, तरी घेतली.

"आनि ती तलवार? ती कुनासाटी हाय?"

"बाहेरच्यांसाठी."

तिनं एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा आपल्या पायांकडे, आपण नेमकं कुठं उभं आहोत ते बघावं तसं. व्हरांड्यातल्या पिवळ्या दिव्याखाली सर ताठ उभे होते. छातीवर, कोटाच्या आत, माझ्या पत्रकाची घडी होती. तिचा कोपरा कापडातून थोडा वर आलेला फाटकावरूनही दिसत होता.